कॉकपिटमध्ये कोणी कोणाचं असतं का? मोर्शीकडच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारावीला आहे, मराठी शाळेत शिकलेली, घरी संत्र्याची बाग, आणि तिनं पायलट व्हायचं डोक्यात घेतलंय. गावातले लोक तुम्हाला सांगतात की ते मोठ्या शहरातल्या मोठ्या घरच्यांचं काम, तिथं सगळी माणसं यंत्रासारखी वागतात, खेड्यातल्या पोरीला तिथं कोणी जवळ करणार नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय: "पैशाचं आम्ही पाहून घेऊ, पण ते लोक एकमेकांशी वागतात कसे? अडीअडचणीला कोणी कोणाचं असते का?"

मी आर्वीकडचा. नोकरीची सगळी वर्षं विमानं चालवण्यात गेली, आधी एटीआर, मग एअरबस ३२०. आता निवृत्त आहे. परीक्षा, तास आणि फी यांची माहिती कुठंही मिळते. तुम्ही जे विचारलंय ते मात्र मुलांना या क्षेत्रात पाठवणारे आईबाप सहसा विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

उत्तर हो असं आहे. फक्त तिथली माणुसकी ओळखायला थोडा वेळ लागतो. गावात कोणाच्या घरी काही झालं तर माणसं धावत येतात, रडतात, हाताला लागेल ते काम करतात. विमानात संकट आलं तर प्रत्येक जण आपलं ठरलेलं काम शांतपणे करत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कोरडं वाटतं. पण ते शांत काम हीच तिथली माया आहे. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आपल्याच आभाळात घडलेली एक गोष्ट सांगतो.

२७ ऑगस्ट २०२१. बिमान बांगलादेश या विमान कंपनीचं बोइंग ७३७ मस्कतहून ढाक्याला चाललं होतं. आत सव्वाशेच्या आसपास प्रवासी. रायपूरच्या परिसरात कॅप्टन नौशाद अताउल कय्युम यांना हृदयविकाराचा झटका आला. कोलकाता कंट्रोलशी, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कक्षाशी, बोलणं झालं, जवळचं विमानतळ म्हणून नागपूर ठरलं, आणि फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे को-पायलटनं, ते विमान नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. कॅप्टनना नागपूरच्या रुग्णालयात दाखल केलं. ३० ऑगस्टला ते गेले. प्रवाशांना दुसऱ्या वैमानिकांनी येऊन त्याच रात्री पुढे ढाक्याला नेलं.

त्या फर्स्ट ऑफिसरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शेजारी बसलेला माणूस, ज्याच्यासोबत थोड्या वेळापूर्वी बोलणं चाललं होतं, तो अचानक कोसळतो. मन म्हणतं, त्याच्याकडे धाव. आम्हाला शिकवलेलं वेगळं असतं. दोनदा हाक मारून नीट उत्तर आलं नाही की समोरचा वैमानिक निकामी झाला असं धरायचं. पहिल्यांदा विमान आपल्या ताब्यात घ्यायचं आणि तसं मोठ्यानं म्हणायचं. मग केबिन क्रूला बोलवायचं. त्यांनी त्या माणसाला खुर्चीत मागे ओढून पट्टे आवळायचे, म्हणजे त्याचा हातपाय कंट्रोलवर पडणार नाही. मग रेडिओवर आणीबाणी जाहीर करायची, जवळचं विमानतळ मागायचं, अ‍ॅम्ब्युलन्स सांगायची. या सगळ्यात शेजारच्या माणसाला धीर देण्याचा क्रम शेवटी येतो. ऐकायला निष्ठुर वाटतं ना? पण ३५ हजार फुटांवर त्या माणसाला डॉक्टरपर्यंत पोहोचवणारं एकच वाहन आहे, आणि ते फर्स्ट ऑफिसरच्या हातात आहे. त्याचा हात स्थिर राहणं ही शेजारच्या माणसाची सर्वात मोठी सेवा. शिस्त आणि माणुसकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला कॉकपिटमध्ये कधी वाटलं नाही, ते याच कारणानं.

आता तो तरुण वैमानिक अशा वेळी उभा कसा राहतो? इथं कॅप्टनचा संबंध येतो. आपल्याकडे नवीन गोऱ्हा तयार करायचा तर त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात. जुना बैल अंगावर जाणारा असेल तर गोऱ्हा बुजतो आणि पुढे कोणाच्याच जोडीला नीट चालत नाही. कॅप्टन आणि को-पायलट यांचं तसंच आहे. दर फ्लाइटला एक जण विमान चालवतो आणि दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, उंची, वेग, यादी, रेडिओ. बहुतेक कॅप्टन पुढच्या फेरीत अदलाबदल करतात, म्हणजे नव्या माणसाचाही हात बसतो. पण लक्ष ठेवणाऱ्याला बोलायची भीती वाटत असेल तर त्याचं लक्ष ठेवणं वाया गेलं.

मी को-पायलट म्हणून नवा होतो तेव्हा एका ज्येष्ठ कॅप्टनसोबत मुंबईला चाललो होतो. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये हवामान, इंधन, धावपट्टी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आज माझ्याकडून काहीतरी राहणार आहे. ते काय, हे शोधायचं काम तुझं." मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच तसं म्हणायचं होतं. जुलै महिना, मुंबईवर पावसाचा पडदा, २७ नंबरच्या धावपट्टीकडे उतरताना वारा सारखा बदलत होता. हजार फुटांवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर, इंजिनाची ताकद हे सगळं ठरलेल्या मर्यादेत हवं असतं. वेग जास्त होता. मी म्हटलं, "अनस्टेबल, गो-अराउंड." म्हणजे विमान मर्यादेत नाही, न उतरता पुन्हा वर चला. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचा हात पुढे गेला होता आणि विमान वर चढू लागलं होतं. ना प्रश्न, ना नजर. आभाळात घिरट्या घालून, पावसाची सर थोडी ओसरल्यावर, आम्ही पुन्हा आलो आणि उतरलो. विमान रिकामं झाल्यावर त्यांनी केबिन क्रूसमोर सांगितलं की आजचा निर्णय याचा होता आणि बरोबर होता. बस, एवढंच.

त्या एका वाक्यानं माझ्यात काय बदललं ते मला शब्दांत नीट मांडता येणार नाही. पुढे मी ज्यांच्यासोबत बसलो त्या प्रत्येक कॅप्टनसमोर मी बोललो, आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या. स्वतः कॅप्टन झाल्यावर मी त्यांचंच वाक्य वापरत आलो.

हे वाक्य कुठून आलं, तेही तुमच्या मुलीला कळू द्या. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या बेटावर धुक्यात धावपट्टीवरच दोन जंबो विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. धावायला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका विचारली होती की दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टन कंपनीतला अत्यंत मानाचा माणूस. त्यानं ठामपणे होकार दिला आणि विषय तिथंच संपला. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करता करता इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे सोबतच्यांना दिसत होतं, पण ते पुरेशा जोरानं कोणी म्हटलं नाही. १९७९ मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं शिक्षण जगभर पसरलं. आज भारतातही प्रत्येक वैमानिकाला आणि केबिन क्रूला ते ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. त्यात शिकवतात काय? धाकट्यानं आदर ठेवून पण स्पष्ट कसं बोलावं, आणि थोरल्यानं अपमान न मानता कसं ऐकावं. आपल्या घराघरांत हे शिकवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि हे अजून पूर्ण साधलेलं नाही. ७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची दुर्घटना तुम्हाला आठवत असेल, कारण त्या विमानाचे कॅप्टन नागपूरच्या घरचे होते. दुबईहून आलेलं विमान पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. चौकशी अहवालात नोंद आहे की को-पायलटनं गो-अराउंड म्हटलं होतं, आणि दोघांमधलं अधिकाराचं अंतर फार मोठं असल्यानं त्याला पुढे होऊन विमान हातात घेता आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल मला एकही वाकडा शब्द बोलायचा नाही. हवाई दलातली त्यांची कारकीर्द अभिमान वाटावा अशी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस कितीही चांगला आणि कितीही कसलेला असला, तरी शेजारच्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट रोज मोकळी ठेवावी लागते. त्या रात्री आसपासच्या गावकऱ्यांनी जे केलं तेही सांगायलाच हवं. कोविडचे दिवस, भर पाऊस, तरी लोकांनी स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं आणि रात्री रक्त द्यायला रांगा लावल्या.

याच्या उलट बाजूचं उदाहरण सांगायचं तर माझ्या पिढीचे वैमानिक एक नाव हमखास घेतात: कॅप्टन अल हेन्स. १९ जुलै १९८९. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला जाणारं डीसी-१० हे तीन इंजिनांचं विमान. शेपटीतलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या, म्हणजे विमान वळवायची, वरखाली करायची कुठलीच नेहमीची सोय उरली नाही. अशा विमानासाठी कोणत्याही पुस्तकात उपाय लिहिलेला नव्हता. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचे एक प्रशिक्षक वैमानिक बसलेले होते, डेनिस फिच. त्यांनी मदत देऊ केली आणि हेन्सनी त्यांना आत घेतलं. उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून विमान वळवायचं काम फिचनी खाली बसून हातात घेतलं. कॅप्टननं आपल्या कॉकपिटमध्ये एका पाहुण्याच्या हातात इंजिनं दिली. याला किती मोठं मन लागतं ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. सू सिटीला विमान उतरताना मोडलं, पेटलं, ११२ माणसं गेली, पण १८४ वाचली. हेन्सनी पुढे आयुष्यभर ठिकठिकाणी जाऊन याबद्दल सांगितलं, आणि दर वेळी श्रेय सगळ्यांना वाटून दिलं: सोबतच्या वैमानिकांना, केबिन क्रूला, कंट्रोलरला, जमिनीवरच्या बचाव पथकांना.

ताई, आता कॉकपिटच्या बाहेर येऊ, कारण विमान म्हणजे फक्त वैमानिक नाहीत.

नागपूरच्या विमानतळावर मे महिन्यात दुपारी उभं राहून पाहा. पारा ४५ च्या पुढे, खालच्या काँक्रीटमधून वाफा. त्या उन्हात लोडर मुलं विमानाच्या पोटात वाकून, गुडघ्यांवर सरकत बॅगा लावत असतात. बरीचशी आपल्याच खेड्यांतली, बुटीबोरीकडची, उमरेडकडची. चांगल्या कॅप्टनची एक खूण मी तुम्हाला सांगतो. विमानाभोवती फेरी मारून तपासणी करताना तो या मुलांशी दोन शब्द बोलतो आणि गॅलीतून, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातून, थंड पाण्याच्या बाटल्या खाली पाठवतो. आत सफाईचं काम चालू असेल तर शेपटीतलं छोटं इंजिन, ज्यावर जमिनीवर असताना एसी चालतो, ते बंद करायची घाई करत नाही. इंधन वाचवायचा दबाव असतो, तो चुकीचाही नाही. पण सफाई करणाऱ्या बाईला भट्टीत कोंडून वाचवलेलं इंधन मला कधी पटलं नाही.

विमान मागे ढकलतात तेव्हा पुढच्या चाकाजवळ हेडसेट लावलेला एक माणूस चालत असतो. ढकलताना चाकाचं स्टिअरिंग सुटं राहावं म्हणून तिथं एक पिन घातलेली असते, तिला लाल फीत. काम झालं की तो ती पिन काढतो, बाजूला जाऊन उभा राहतो आणि हात उंच करून आम्हाला दाखवतो. पिन आतच राहिली तर विमान वळणार नाही, म्हणून ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही हलत नाही. मग तो अंगठा दाखवतो आणि आम्ही हात वर करून त्याला उत्तर देतो. प्रवासी खिडकीतून पाहतात, त्यांना वाटतं निरोप चाललाय. तो निरोपही असतो. पण मुळात ती एका कामगारानं घेतलेली जबाबदारी आणि दुसऱ्यानं दिलेली पोच आहे.

इंजिनिअरशी वैमानिक कसा बोलतो यावरून मी माणसं ओळखायला शिकलो. रात्रीची शेवटची फ्लाइट, आधीच उशीर, आणि इंजिनिअर बॅटरी घेऊन चाकाशी बसलाय. टायरवर चीर दिसतेय. ती मर्यादेत आहे की नाही हे त्याला मोजायचंय. अशा वेळी "बघा ना, चालून जाईल का" हे वाक्य कॅप्टनच्या तोंडून निघालं तर इंजिनिअरच्या डोक्यावर ओझं येतं. मी पाहिलेल्या उत्तम कॅप्टन्सपैकी एक बाई अशा वेळी खाली उतरून गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सावकाश बघा. तुमची सही होईपर्यंत मला कुठंही जायचं नाही." टायर बदलावा लागला. प्रवासी संतापले होते. त्या कॅप्टननं माइक घेऊन स्वतः सांगितलं की आमच्या इंजिनिअरनं एक दोष वेळेत पकडला आहे, त्यामुळे आपण थांबलोय, आणि थांबायचा निर्णय माझा आहे. दोष कोणाच्याही माथी न मारता राग स्वतःवर घेतला. त्या इंजिनिअरला पुढच्या वेळी खरं सांगायला किती बळ आलं असेल!

वर आभाळातही असंच चालतं. मे-जूनमध्ये आपल्या विदर्भावर जे वादळी ढग उभे राहतात ते कधी कधी ४० हजार फुटांच्याही वर जातात. आमच्या पुढे असलेलं विमान, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, रेडिओवर सांगतं की या उंचीवर धक्के आहेत, डावीकडून गेलो तर वाट आहे. त्या कंपन्या खाली तिकिटांसाठी एकमेकींशी भांडत असतील, वर कोणी माहिती लपवत नाही. समुद्रावर एखाद्या विमानाचा आवाज कंट्रोलपर्यंत पोहोचत नसेल तर मधलं विमान त्याचा निरोप पुढे देतं. कोणी "मेडे", म्हणजे जिवावरचं संकट आहे, असं म्हटलं की बाकीचे सगळे बोलणं थांबवतात, कारण त्या वेळी मौन हीच मदत. आणि नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे आजारी प्रवाशासाठी वाट बदललेली विमानं इथं अधूनमधून उतरतातच. रात्री तुमच्या बागेवरून दिवे लुकलुकवत जाणारी जी विमानं दिसतात, त्यांच्याशी कोणी ना कोणी कंट्रोलर बोलत असतो. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरातच भेटून टपाल बदलायची. म्हणजे हा आपला जुना वारसा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न होता अडीअडचणीचा. उड्डाणाआधी प्रत्येक वैमानिकानं स्वतःला विचारायचं असतं: आजारी आहे का, काही औषध घेतलंय का, ताण आहे का, दारू, थकवा, पोटात अन्न आहे ना, मन ठिकाणावर आहे ना. माझ्यासोबत एकदा यवतमाळकडचा एक तरुण फर्स्ट ऑफिसर होता. सकाळी ब्रीफिंगला आला, सगळी उत्तरं बरोबर, पण आवाज वेगळा. मी बाजूला घेऊन आपल्या भाषेत विचारलं, "काऊन रे, का झालं?" आधी "काई नाई सर" म्हणाला. मग सांगितलं की वडिलांना पहाटे अटॅक आलाय, वर्ध्याला नेतायत, आणि फ्लाइट सोडली तर नाव खराब होईल. मी त्याला सांगितलं की आज तू उडणार नाहीस आणि याचा तुझ्या नावाशी काही संबंध नाही. वैमानिकांच्या पाळ्या लावणाऱ्या क्रू शेड्युलिंगच्या मुलीनं काही मिनिटांत स्टँडबायवरच्या, म्हणजे राखीव, वैमानिकाला बोलावलं. तो विनातक्रार आला. नागपूरची पुढची फ्लाइट भरलेली होती, तिच्या कॅप्टननं परवानगी काढून त्याला कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसवलं. नागपूरच्या ग्राउंड स्टाफनं खाली गाडी उभी ठेवली होती. आमचं विमान उशिरा निघालं. त्या उशिराबद्दल त्याला कधी कोणी एक शब्द ऐकवला नाही. वडील वाचले. आता तो स्वतः कॅप्टन आहे.

२०१५ मध्ये जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीच्या को-पायलटनं विमान डोंगरावर घातलं आणि १५० जण गेले, तेव्हापासून वैमानिकाच्या मनाच्या आरोग्याकडे जग जास्त गंभीरपणे पाहू लागलं. आपल्याकडेही डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, विमान कंपन्यांना पिअर सपोर्टची व्यवस्था करायला सांगितली आहे. म्हणजे अडचणीतल्या वैमानिकानं आधी दुसऱ्या प्रशिक्षित वैमानिकाशी मोकळं बोलावं. हे फार गरजेचं होतं. वैद्यकीय परवाना जाईल या भीतीनं माणसं गप्प राहायची.

एक गोष्ट मात्र माणुसकीच्या नावाखाली मी कधी मान्य केली नाही, ती म्हणजे झाकणं. उड्डाणाआधी बारा तास दारूला स्पर्श करायचा नाही असा नियम आहे, आणि श्वासाची चाचणी होते. पहिल्यांदा सापडला तरी तीन महिने परवाना निलंबित. सोबतच्याच्या तोंडाला वास येतोय आणि दोस्तीखातर गप्प बसलात, तर मागे बसलेल्या सगळ्यांशी तुम्ही दगा केला, आणि त्या मित्राशीही. थकलेल्या माणसाला "चल रे, एकच फेरी आहे" म्हणणं हेही त्यातलंच. "तू आज उडू नकोस" हे मित्राला सांगणं फार जड जातं. पण ते सांगणारेच खरे जवळचे.

सगळेच असे असतात का? नाहीत. तुसडे, घमेंडी कॅप्टन मी पाहिलेत. अख्ख्या फ्लाइटमध्ये कामाव्यतिरिक्त शब्द न बोलणारेही पाहिलेत. पूर्वी ते जास्त होते, आता कमी झालेत, कारण प्रशिक्षणात आणि तपासणीत उड्डाणाच्या कौशल्याइतकंच वागण्याकडेही पाहिलं जातं. मुलगी म्हणून तिला एकटं वाटेल का, अशी काळजी तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसते. भारतातल्या वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. इतकं प्रमाण जगात फार कमी ठिकाणी आहे. ती एकटी नसेल.

आणि मराठी माध्यमाचं म्हणाल, तर विमानातली इंग्रजी ही ठरलेल्या वाक्यांची भाषा आहे. परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर चौथी पातळी लागते, ती मेहनतीनं येते. उच्चार वऱ्हाडी राहिला तरी चालतो, स्पष्ट हवा. कंट्रोलरनं सांगितलेलं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य आम्ही त्याला परत म्हणून दाखवतो आणि तो बरोबर आहे का ते ऐकतो. समजलं नाही तर "से अगेन" म्हणायचं. खेड्यातल्या पोरांना पुन्हा विचारायची लाज वाटते, शाळेत कोणी हसलेलं असतं म्हणून. इथं अर्धवट ऐकून मान हलवणारा धोकादायक ठरतो आणि पुन्हा विचारणारा चांगला वैमानिक. हे तिला आजपासून सांगा. वर्गात, दुकानात, बँकेत, जिथं समजलं नाही तिथं तिनं विचारायची सवय लावून घ्यावी.

आता करायचं काय. पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू ही सुरुवातीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि मग क्लास वन ही जास्त कडक तपासणी. डोळे, कान, हृदय यात काही अडचण असेल तर ती कर्ज काढण्याआधी कळलेली बरी. प्रशिक्षणासाठी लांब जायलाच हवं असं नाही. गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तुमच्या जवळच्या बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली, आणि तिथं वैमानिक प्रशिक्षण केंद्राची घोषणा त्याआधीच झाली आहे.

पण कुठलीही संस्था निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नका. मुलीला घेऊन तिथं एक सकाळ घालवा. परवानगी मागून हँगरजवळ उभे राहा. प्रशिक्षक मेकॅनिकला नावानं हाक मारतो की ओरडून, ते ऐका. मेकॅनिकनं "हे विमान आज नाही" म्हटलं तर प्रशिक्षक वाद घालतो की दुसरं विमान मागतो, ते पाहा. मग चहाच्या टपरीवर शिकणाऱ्या पोरांना गाठा आणि एवढंच विचारा: हवामान पाहून तुम्हाला वाटलं की आज उडू नये, तर तसं म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्याशी कसं वागतात? पोरं लगेच, अडखळल्याशिवाय उत्तर देत असतील तर तिथं प्रवेश घ्या. एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली तर फी कितीही कमी असो, दुसरी संस्था शोधा.